दुखवट्याच्या घरचे काम

आपल्याकडे ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारची बाई न सांगता पिठले-भाकरी करून आणते आणि घरातल्या माणसांना बळेच दोन घास खायला लावते. बांबू आणि मडके आणायला कोणी जातो, लाकडांचे कोणी पाहतो, दूरच्या नातेवाइकांना कळवण्याचे काम कोणी अंगावर घेतो. तिरडीला खांदा द्यायला चार माणसे लागतात; ती जमवण्यासाठी बापाला दारोदार हिंडावे लागले, असे मी तरी कधी पाहिलेले नाही. वर्ष सरण्याआधी दिवाळी आली तर त्या घरी कढई चढत नाही. फराळाची ताटे शेजारून आणि सोयऱ्यांकडून जातात. हा रिवाज कोणत्या ग्रंथात सांगितला आहे, हे शोधण्याची कोणाला गरज वाटलेली नाही. त्याच्या मुळाशी असलेला विचार अगदी साधा आहे. ज्याचे माणूस गेले त्याला दुसरे काम नसावे. त्याने रडावे. बाकीचे काम इतरांनी करावे.

परंतु एका प्रकारचा मृत्यू असा आहे की तेथे हा रिवाज उलटा होतो. सरकारच्या कोठडीत मुलगा मेला की आईला रडायलाही सवड राहत नाही. तक्रार तिनेच लिहून द्यायची, ती कोणी घेत नसेल तर तिनेच पुन्हा जायचे, वकील तिनेच पाहायचा, तारखांना तिनेच हजर राहायचे. शेजार बहुधा दार लोटून घेतो. पुढे काही वर्षांनी तोच शेजार तिच्या धैर्याचे कौतुक करतो. असा विषय सणाच्या दिवसांत कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, फराळाचे ताट कोणत्या घरी पाठवायचे याची आठवण ठेवण्याचे दिवस हेच आहेत.

मी पुलगावात राहते. वर्धा नदीच्या काठचे हे गाव बाहेरच्या जगाला मुख्यतः लष्कराच्या दारूगोळ्याच्या भांडारामुळे माहीत आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर त्या भांडारात आग लागली, स्फोट झाले आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळांहून अधिक माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेली माणसे होती. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजाने राबणारे मजूर होते. या दोन्ही घटनांनी मागे कडू प्रश्न ठेवले. तरीही एक गोष्ट खरी की, आपला माणूस तेथेच आणि त्याच कामावर असताना मेला, हे सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या आईवर पडले नाही. २०१६ साली त्या वेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर येथे आले आणि लष्कराने आपण होऊन चौकशी बसवली. आम्हाला हे स्वाभाविक वाटले. ज्याच्या आवारात माणूस गेले त्याने येऊन सांगायला हवे, एवढा व्यवहार आम्ही गावकरीही जाणतो.

पोलीस कोठडी हेही सरकारचेच आवार. उलट तेथे सरकारची जबाबदारी अधिक, कारण मजूर आपल्या पायांनी कामावर जातो आणि कोठडीतल्या माणसाला आपल्या पायांनी बाहेर पडता येत नाही. मग तेथे मृत्यू झाला तर सरकार त्याच तत्परतेने दाराशी का येत नाही? कारण उघड आहे. भांडारात आग हा आरोपी असतो. कोठडीत आरोपी होण्याची वेळ सरकारच्या माणसावर येते. अटकेची नोंद, ठाण्याची दैनंदिनी, कॅमेऱ्याचे चित्रण, साक्षीदार म्हणून उभे राहू शकणारे शिपाई, हे सगळे ज्याच्यावर संशय त्याच्याच ताब्यात असते. आईच्या हातात असतो तो फक्त देह, आणि कधी कधी तोही नसतो.

महाराष्ट्रात अलीकडे हे सर्वांत ठळकपणे दिसले ते परभणीत. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ काचेत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. वय ३५, जन्माने वडार. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मृत्यू. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्राथमिक मत दिले ते अनेक जखमांमुळे आलेल्या शॉकचे. नागपूरच्या अधिवेशनात सरकारने मारहाण झाल्याचे नाकारले. त्याचबरोबर न्यायालयीन चौकशी आणि दहा लाख रुपयांची मदतही जाहीर केली. सोमनाथची आई विजयाबाई यांनी ते पैसे घेतले नाहीत. त्यांनी १८ डिसेंबरला पोलिसांकडे तक्रार दिली होती. तिच्यावरून गुन्हा नोंदला गेला नाही, म्हणून त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. प्रकाश आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तेथे त्याचे म्हणणे फेटाळले गेले.

दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. ते ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि वाचकांनाही नाही. मी फक्त तारखांकडे पाहण्याची विनंती करते. १८ डिसेंबर ते ३० जुलै, म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ. एवढ्या काळात शिक्षा झाली नाही, खटला उभा राहिला नाही, आरोपपत्रही आले नाही. गुन्ह्याची वहीत नोंद करावी की नाही, एवढ्याच प्रश्नावर एका आईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. सायकल चोरीला गेली तर हीच नोंद एका संध्याकाळी होते, निदान व्हावी अशी आपली अपेक्षा असते.

आता त्या नाकारलेल्या दहा लाखांचा विचार करू, कारण नीतीचा खरा पेच तेथे आहे. व्यवहारी माणूस म्हणेल, मुलगा काही परत येणार नाही. पैसे घ्यावेत आणि भांडणही चालू ठेवावे. यात वावगे काही नाही, आणि ज्या गरीब आईबापांनी असे पैसे घेतले त्यांना बोल लावण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या कोणालाही नाही. पण पैशाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो कोणत्या वाक्याच्या मागून येतो त्यावरून त्याला अर्थ येतो. ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचे उदाहरण घ्या. त्यांचा २२ वर्षांचा मुलगा सुमन याला १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा देह रेल्वेच्या रुळांवर सापडला. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. या आईने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले, पळून गेल्याची कथा फेटाळली आणि १९९३ साली दीड लाख रुपये देण्याचा हुकूम केला. नागरिकाचा मूलभूत हक्क सरकारने मोडला तर सरकारने स्वतः भरपाई दिली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने भारतीय कायद्यात पक्के झाले. आज ते तत्त्व कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते. ते ज्या पत्रातून निघाले ते एका आईने लिहिलेले होते.

दीड लाख त्या आईने घेतले आणि दहा लाख या आईने नाकारले. यात विसंगती आहे का? मला तसे वाटत नाही. पहिला पैसा ‘आमच्याकडून अन्याय झाला’ या निर्णयाच्या मागून आला. दुसरा ‘आमच्याकडून काही झाले नाही’ या विधानाबरोबर आला. कबुलीनंतरच्या पैशाला भरपाई म्हणतात. कबुलीवाचून आलेला पैसा, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, घेणाऱ्याला किंमत वाटतो. विजयाबाईंनी किंमत नाकारली, आणि तसे करताना सरकारला एक उत्तर मागितले.

असे उत्तर मागणे हा शोकाचा धर्म आहे का, असा प्रश्न जुन्या विचारवंतांनीही स्वतःला विचारलेला दिसतो. किसा गोतमीची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल काखेत घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरून मूठभर मोहरी आण. ती घरोघर जाते. मोहरी सगळीकडे असते, पण मृत्यू न पाहिलेले घर कोठेच नसते. मरण सर्वांना आहे हे तिला उमगते आणि ती मुलाचा देह खाली ठेवते. करुणेने दिलेला इतका सुंदर उपदेश जगात विरळा.

पण हा उपदेश ज्या सत्यावर उभा आहे ते नीट पाहा. मरण घरोघर आहे, म्हणून सांत्वन आहे. आता कल्पना करा की परभणीची आई निघाली आणि ज्या घरातला मुलगा कोठडीत मेला नाही त्या घरची मोहरी तिला आणायची आहे. तिला पहिल्याच दारी मोहरी मिळेल. वकिलाच्या घरी मिळेल, डॉक्टरच्या घरी मिळेल, माझ्या गल्लीतल्या बहुतेक प्रत्येक घरी मिळेल. तिची ओंजळ भरून सांडेल. कोणाकडे मोहरी मिळाली नाहीच, तर ती पारध्याच्या पालावर, वडाराच्या वस्तीवर, दलित मोहल्ल्यात किंवा गरीब मुसलमानांच्या गल्लीत मिळणार नाही. ज्या मरणाला पत्ता असतो त्याला नियती म्हणता येत नाही. तेथे ‘हे सर्वांनाच आहे’ हे सांत्वन खोटे ठरते, आणि खोटे सांत्वन आईने घेऊ नये हेच बरे.

तिच्यासाठी आपल्या परंपरेत दुसरी एक आई आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर येते. मुलांना ज्यांनी मारले ते पांडव समोर आहेत. तरी तिचा सर्वांत कठोर प्रश्न कृष्णाला आहे. तू समर्थ होतास, तुझे ऐकले गेले असते, मग तू या नाशाकडे दुर्लक्ष का केलेस, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. ज्याने शस्त्र चालवले त्याच्याही पलीकडे, ज्याच्या हाती थांबवण्याचे सामर्थ्य होते त्याला ती जबाबदार धरते. आणि गांधारीचे पुत्र काही निर्दोष नव्हते. कृष्णही तिला तिच्या मुलांच्या अपराधांची आठवण करून देतो. तरीही तो तिचा शाप नाकारत नाही. मला यात मोठे शहाणपण दिसते. आईचा जाब विचारण्याचा हक्क मुलाच्या निर्दोषपणावर अवलंबून नसतो. कोठडीतल्या मृत्यूची बातमी आली की ‘पण त्याने केले काय होते?’ असे आपण चटकन विचारतो. त्याने काहीही केले असो, त्याचा हिशेब न्यायालयात व्हायचा होता, आणि तो होईपर्यंत त्याचा जीव ही सरकारजवळ ठेवलेली ठेव होती. गांधारी ठेवीचा हिशेब मागते.

मरणाला पत्ता असतो असे मी म्हटले, त्याला इतिहासाचा आधार आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जातींत जन्मणे हाच गुन्हा ठरवला. स्वतंत्र भारताने १९५२ साली त्या जमातींना त्यातून मोकळे केले, म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात. वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कायदा पुस्तकातून एका दिवसात काढता येतो. ठाण्यातल्या नजरेतून तो काढायला किती दिवस लागतात, हे कोणी मोजलेले नाही.

जन्मावरून माणसाकडे संशयाने पाहण्याचा हा रोग एका देशाचा नव्हे, हे महात्मा फुल्यांनी फार आधी ओळखले होते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले, ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. पुण्यातला एक माळी समुद्रापलीकडच्या माणसांचे दुःख आपल्या दुःखाच्या शेजारी ठेवतो, त्या काळात ही दृष्टी थक्क करणारी आहे. तीच दृष्टी ठेवून तिकडच्या दोन घरांकडे पाहू.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला असताना गोऱ्यांनी त्याला उचलून नेऊन मारले. देह नदीत सापडला, ओळखू येणार नाही असा. त्याची आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली, आणि हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला. दोघा आरोपींना गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडले. पुढे काही महिन्यांतच त्यांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. जमावाने माणूस मारण्याविरुद्ध अमेरिकेत देशव्यापी कायदा झाला तो २०२२ च्या मार्चमध्ये, आणि त्याला एमेट टिलचेच नाव आहे. तोपर्यंत मेमी टिलला जाऊन एकोणीस वर्षे झाली होती.

दुसरे घर लंडनचे. २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला बसची वाट पाहत असताना गोऱ्या पोरांनी भोसकले. पोलिसांनी तपासात इतकी ढिलाई केली की त्याचे आईबाप डोरीन आणि नेव्हिल यांना स्वतः खटला भरावा लागला, आणि तोही फसला. त्यांनी मागणी सोडली नाही. शेवटी न्यायमूर्ती मॅक्फर्सन यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९९९ च्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थागत वंशभेद आहे असे स्पष्ट शब्दांत म्हटले. एखाद्या शिपायाच्या मनात द्वेष नसला तरी ज्या रीतीने यंत्र चालते त्या रीतीतच भेद मुरलेला असू शकतो, असा त्याचा अर्थ. दोघांना शिक्षा झाली ती २०१२ साली, खुनानंतर जवळजवळ एकोणीस वर्षांनी. पण तो एक शब्द अहवालात आल्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक आईबापाला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली नाही.

आमच्या विदर्भातल्या एका बापाला तेवढाही शब्द मिळाला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. तो कोठडीतला मृत्यू नव्हता. तेथे पोलिसांचा दोष वेळेवर न येण्याचा आणि नीट तपास न करण्याचा होता. आरोपींना शिक्षा झाल्या, परंतु जातीच्या द्वेषातून हा गुन्हा झाला हे न्यायालयात मान्य झाले नाही. भोतमांगे दहा वर्षे तेवढे एक सत्य मान्य व्हावे म्हणून हिंडले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात गेले.

आता पुन्हा परभणीला यायचे, कारण त्याच शहरात दुसरी एक आई आहे. तिचा मुलगा ख्वाजा युनूस हा संगणकाचा अभियंता. डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बाँबस्फोटासंबंधात त्याला पकडले गेले, आणि जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या जीपला अपघात झाल्यावर पळून गेला असे सांगण्यात आले. पुढच्या तपासात ही कथा टिकली नाही. त्याचा देह कधीच मिळाला नाही. त्याच्याबरोबर पकडलेल्यांवरचा मूळ आरोपही न्यायालयात टिकला नाही. तपासात चौदा पोलिसांची नावे आली. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती चौघांपुरती. त्याची आई आसिया बेगम उरलेल्यांसाठी पुन्हा पुन्हा न्यायालयात गेल्या, आणि वीस वर्षे उलटल्यावरही तो खटला रेंगाळतच होता. एक आई मुसलमान, दुसरी वडार आणि आंबेडकरांना मानणारी. दोघींच्या प्रार्थना वेगळ्या, अर्जांतली मागणी मात्र एकच.

या विवेचनावर एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पोलीसही माणूस आहे. बारा-बारा तास उभा असतो, सणाला घरी नसतो, जमावाचे दगड खातो, आणि तोही बहुधा गरिबाचाच मुलगा असतो. आपण ही दिवाळी निर्धास्त साजरी करतो ती तो रस्त्यावर असतो म्हणून. हे सगळे खरे. म्हणूनच पोलीस सुधारणेची मागणी ही पोलिसांविरुद्धची मागणी आहे असे समजणे चूक आहे. ज्या खटल्यातून या सुधारणांचा आराखडा निघाला तो भरला होता प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात आदेश दिले. बदल्या-बढत्यांतला राजकीय हात काढावा, तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम वेगळे करावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात आणि जिल्ह्यात स्वतंत्र प्राधिकरण असावे, हे त्यांतले काही. प्रामाणिक शिपायाला वरचा बेकायदा हुकूम नाकारता यावा, हाच त्याचा हेतू आहे.

कोणते नियम हवेत हेही आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. विधी आयोगाने १९८५ सालच्या आपल्या ११३ व्या अहवालात सुचवले होते की, कोठडीत माणसाला इजा झाली तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे आणि तसे नाही हे पोलिसांनी दाखवावे. किती साधी गोष्ट! कागद ज्याच्याजवळ, पुरावा देण्याचे ओझे त्याच्यावर. तो कायदा झाला नाही. २०२३ साली पुराव्याचा कायदा संपूर्ण नवा लिहिला गेला, तेव्हाही ते कलम त्यात आले नाही. १९९७ मध्ये भारताने यातनांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली; त्याला लागणारे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे विरून गेले. २०२० च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा हुकूम दिला. नियमांची वाण नाही. त्यांचा पाठपुरावा करणारा माणूस हवा, आणि तो माणूस दर वेळी एखादी आई किंवा एखादा बाप असतो.

असे का होते? मला वाटते, बाकी सगळ्यांजवळ गमावण्यासारखे काही असते. शेजाऱ्याला दुकानाची चिंता असते, शिक्षकाला बदलीची, वार्ताहराला नोकरीची. ज्याचा मुलगा गेला त्याला भीती दाखवायला काही उरत नाही, म्हणून तो उभा राहतो. आपण त्याला धैर्य म्हणतो, आणि ते धैर्य आहेच. पण त्या कौतुकात आपली एक सोयही दडलेली असते. आईला वीरमाता म्हटले की काम तिचे ठरते आणि आपण टाळ्या वाजवायला मोकळे होतो. जो समाज सर्वांत थकलेल्या माणसाकडून सर्वांत जड काम करून घेतो आणि वर त्याची आरती करतो, त्याच्या कृतज्ञतेत खोट आहे.

परभणीच्या आईला खांदा देणारे कोणीच नव्हते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये तेथून मुंबईच्या दिशेने पायी मोर्चा निघाला. वकील उभे राहिले, कार्यकर्ते राहिले. पण ते खांदे कोणाचे होते, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. बहुतेक तिच्याच दुःखाच्या वाटेवरून गेलेल्यांचे. आपल्या गल्लीत मात्र तिरडीला खांदा देताना आपण मृताची जात विचारायचे आता सोडून दिले आहे, असे आपण अभिमानाने सांगतो.

शेजाऱ्याने करावी अशी कामे फार अवघड नाहीत. अटक झालेल्याच्या घरच्यांना कळवले पाहिजे, त्याला चोवीस तासांत न्यायाधीशासमोर नेले पाहिजे, त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, त्याला वकिलाला भेटू दिले पाहिजे. एवढे चार नियम पाठ असलेला एक माणूस प्रत्येक गल्लीत असावा. कोणाच्या पोराला नेले तर त्या रात्री त्याच्या बापाबरोबर आणखी दोघांनी ठाण्यावर जावे आणि शांतपणे, नमस्कार करून, विचारावे. न्यायालयाच्या तारखेला आईच्या शेजारी कोणी बसावे. आपल्या आमदाराला निवडणुकीत रस्त्याविषयी विचारतो तसे तक्रार प्राधिकरणाविषयीही विचारावे. यासाठी वीर व्हावे लागत नाही. पिठले-भाकरी नेणारी बाई वीर नसते.

आणि एक सवय बदलावी. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कोठडीतल्या मृत्यूची चार ओळींची बातमी येते, तेव्हा मेलेला कोण होता आणि त्याने काय केले होते, हे आपण आधी शोधतो. त्याऐवजी त्याच्या आईबरोबर तक्रार द्यायला कोण गेले आहे, हे आधी विचारावे.